मामा, तुझी चेन आणि माझं भाषण

मामा,

तुझ्या गंधमुक्तीला मी माईक हातात घेतला आणि तुझ्या मरणाचं पत्रक करून टाकलं. हे आधीच सांगते. बाकीच्या आठवणी गोड आहेत, आणि गोडापासून सुरुवात केली तर मी इथवर येणारच नाही, हे मला माझंच माहीत आहे.

आपल्याकडे सुतक फिटताना गंधमुक्ती करतात, आणि तिला माईक लागतोच. मांडव, सतरंज्या, हार घातलेला फोटो आणि फोटोशेजारी माईक. गावचे बोलतात, तालुक्याचे बोलतात, ज्याला गेलेल्या माणसाचं नावसुद्धा धड माहीत नाही तोही 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' म्हणत ताणत राहतो. तू या भाषणांची किती टिंगल करायचास. अशाच एका ठिकाणहून परत येताना गाडीवरून मान वळवून म्हणाला होतास, "वैशू, मी मरनू तर यास्ले माईक देऊ नको. पहिले मन्हं नाव इचारी ले, मंग बोलू दे."

आणि माईक घेतला कुणी, तर मी. मला तुझं नाव माहीत होतं, एवढाच फरक.

मी काय बोलले ते मांडवात बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं आहे. म्हणाले, माझ्या मामाला चेनीनं नेलं. गाडीला बेल्ट असता तर मामा आज तुमच्यात बसला असता. आणि मग, पत्रक लिहून लिहून लागलेली सवय, पुढचं वाक्य आपोआप तोंडात आलं: "ज्यानं कुणी ती चेन नीट बसवली नाही, त्यानं आज स्वतःच्या मनाला विचारावं."

पत्रकात असंच असतं. पहिल्या ओळीत माणूस, दुसऱ्या ओळीत दोषी, शेवटी मागणी. दोषी नसला तर लोक पत्रक दुमडून खिशात ठेवतात आणि खारे शेंगदाणे बांधायला वापरतात. मला हे शिकवलेलं आहे आणि मी ते इतरांना शिकवते.

फक्त या वेळी दोषी मांडवातच होता. तुझाच मुलगा, भूषण. पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी तो अंगणात तुझ्या गाडीपाशी पाना घेऊन बसला होता आणि हे सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. माझं वाक्य संपलं तशी माणसं एकेक करून त्याच्याकडे वळली. त्यानं हातातला जग खाली ठेवला आणि घरामागे निघून गेला. मी पाहिलं, मामा. मी पाहिलं आणि तरी बोलत राहिले, कारण लोक माना डोलवत होते.

तू कसा गेलास हे तुला सांगायची गरज नाही. पण ज्यांनी माझं भाषण ऐकलं त्यांना आहे, म्हणून लिहिते. भर दुपारी तू शहाद्याहून घरी येत होतास. मागे खताच्या गोण्या बांधलेल्या. पाटाच्या मोरीजवळ चेन उतरली. तू गाडी मेन स्टँडवर घेतलीस, गोण्या सोडून बाजूला ठेवल्यास आणि उकिडवा बसून चाक हातानं फिरवत चेन चढवू लागलास. उसाची ट्रॉली घेऊन जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं तुला तसं पाहिलं. विचारलंसुद्धा, "काका, मदत पाहिजे का?" तू हात हलवून त्याला पुढे जा म्हणालास. तो ट्रॉली रिकामी करून परत आला तेव्हा तू चाकाला टेकून बसलेला होतास.

डॉक्टरांनी मामीला, भूषणला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं. हृदय. मोठा झटका. खाटेवर बसला असता तरी आला असता. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी मांडवात मी चेन म्हणाले.

आपलं चेन-बेल्टचं भांडण तुझ्या हयातीत मिटलं नाही. मिटावं अशी तुझी इच्छाही नसावी. माझ्या वर्गातल्या एका मुलीची ओढणी मोटारसायकलच्या चेनीत गेली, तिथून माझं सुरू झालं. ती वाचली. गळ्यावर रेघ राहिली, आणि ती अजून कुणाच्या गाडीवर बसत नाही. मला इतका संताप आला होता की त्याच आठवड्यात मी अपघातांविरुद्ध काम करणाऱ्या मंडळात गेले आणि पहिलं पत्रक लिहिलं. पूर्वी गाड्यांना चेन पूर्ण झाकणारं कव्हर असायचं. मग उघडी चेन दिसली की गाडी दमदार दिसते असं कुणीतरी ठरवलं, आणि दमदार दिसण्यासाठी बायकांचे गळे उघड्यावर आले. यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही.

पण मला त्याच्या पुढे जायचं होतं. शहाद्याच्या शोरूममध्ये बेल्टवर चालणारी बॅटरीची मोटारसायकल आली होती. तेल नाही, खडखड नाही, कड्या नाहीत. मी घोषणा केली: चेन सोडा, बेल्ट धरा. बॅनरवर बरोबर बसली.

तू तीन वेळा वाचलीस आणि म्हणालास, "घोषणा मस्त शे. खरी नही, पण मस्त शे."

"खरी का नाही?"

"आपली पिठनी गिरणी देखी का तू? तिले काय शे? पट्टाच शे ना? तुन्ही आजीना पदर कसामा गया व्हता, चेनमा का पट्टामा?"

आजीचा पदर गिरणीच्या पट्ट्यात गेला होता, आजोबांनी बटण बंद केलं म्हणून ती वाचली, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी ती गोष्ट आणि माझी घोषणा कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिलीच नव्हती. जे फिरतं ते ओढतं, तू म्हणालास. पट्टा असो नाहीतर चेन असो, वर झाकण पाहिजे आणि पदर बांधलेला पाहिजे. तरी मी घोषणा बदलली नाही. 'चेन असो की बेल्ट, झाकण लावा' हे बॅनरवर दोन ओळींत जात होतं, आणि अध्यक्ष म्हणाले, दोन ओळी कुणी वाचत नाही.

तूही काही फार शहाणा नव्हतास, हेही लिहून ठेवते. झाकण पाहिजे असं म्हणणाऱ्या तुझ्या स्वतःच्या गाडीचं झाकण गोठ्यात कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवलेलं होतं. मी विचारलं तर म्हणे काळी माती आत भरते, चाक जाम होतं, तू ये पावसाळ्यात आणि काढ. साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे उसाच्या मोळ्या आत ओढून नेणाऱ्या चेनीवर, काम केल्यामुळे तुला वाटायचं की जगातल्या सगळ्या चेनी तुला विचारूनच फिरतात. "आख्खा तालुकाना ऊस कोण वढस? चेन वढस. पट्टावर टाकी देख मोळी." असं म्हणून तू असा विजयी चेहरा करायचास की मोटारसायकल आणि उसाची मोळी यांचा काय संबंध, हे विचारायचंही मला सुचायचं नाही.

शोरूमला तुला मीच ओढून नेलं होतं, मामीही सोबत होती. तू बेल्टसमोर उकिडवा बसलास, बोटानं दाबून पाहिलास, नाक लावून वास घेतलास. सेल्समन मुलगा टाय लावून उभा.

"हाऊ तुटना तर?"

"तुटत नाही, काका."

"तू धडगावना घाट चढना का कधी यावर?"

"नाही, काका."

"मंग तुले काय माहीत तुटत नही म्हणून? मन्ही चेन तुटनी तर रस्तावर दगड ली ठोकी घेस मी. हाऊ पट्टा मी कसावर ठोकू?"

तो मुलगा हसला. मी हसले नाही, मला लाज वाटत होती, सगळे बघत होते म्हणून. तेव्हा मामी पुढे आली. आख्ख्या शोरूममध्ये ती पहिल्यांदाच बोलली. तिनं बेल्टवरून बोट फिरवलं, बोट वर करून पाहिलं, स्वच्छ होतं. "यामा काळा डाग नही पडस का?" मुलगा म्हणाला, अजिबात नाही, तेलच लागत नाही. मामी म्हणाली, "मंग हाऊच लेवाना." आणि तुझ्याकडे न बघता बाहेर जाऊन उभी राहिली. तिच्या प्रत्येक चांगल्या साडीला पायापाशी, डाव्या अंगाला, चेनीच्या वंगणाचा काळा डाग आहे. लग्नातल्या शालूलासुद्धा. तू इतकी वर्षं तिला मागे बसवून नेलंस आणि ते डाग तुला त्या दिवशी दिसले. तुझ्याशी झालेल्या सगळ्या भांडणांत माझ्या बाजूचा तेवढाच एक विजय, आणि तोही मामीचा.

आणि तरी माझी पत्रकं कुणी वाटली? तू. खापरच्या बाजाराला जायचं तर मंडळाकडे गाडी नव्हती. तू रजा टाकलीस. चेनविरोधी पत्रकांचा गठ्ठा टाकीवर बांधून, मला मागे बसवून, उघड्या चेनीच्या गाडीवर तू मला अक्कलकुव्यावरून खापरला घेऊन गेलास. निघताना माझ्या ओढणीची दोन्ही टोकं स्वतः कमरेला गाठ मारून बांधलीस आणि गाठ ओढून पाहिलीस. वाटेभर म्हणत होतास, "विरोधी पक्षनं साहित्य वाही ऱ्हायनू मी." बाजारात एका टपरीपाशी उभा राहून तू माझं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलंस, सगळं, मधे एक शब्द न गाळता. गर्दी जमली. मला वाटलं, फिरला मामा. संपल्यावर तू कागद दुमडलास आणि म्हणालास, "हाई मन्ही भाचीनं मत शे. मन्हं मत येगळं शे, पण मन्हाजोडे कागद नही." लोक खूप हसले. आणि त्या दिवशी एकही पत्रक खाली पडलेलं दिसलं नाही. सगळ्यांनी घरी नेली.

मी तुला कधी विचारलं नाही की तू रजा का टाकलीस. मी ते माझं हक्काचं समजून चालले. चळवळीतल्या माणसांना ही खोड असते, आपल्या कामाला आलेला प्रत्येक जण मुद्दा पटला म्हणूनच आला असं आम्हाला वाटतं. तू मुद्द्यासाठी आला नव्हतास. भाची एकटी एसटीनं गठ्ठा घेऊन कशी जाईल म्हणून आला होतास.

तू गेल्यावर मी रोज एकच भांडण तुझ्याशी भांडते. बेल्ट असता तर तू मोरीपाशी थांबला नसतास, उन्हात चाक फिरवलं नसतंस, हे खरं. मग झटका चालत्या गाडीवर आला असता, समोरून उसाच्या ट्रॉल्या येत असताना. किंवा घरी आला असता, आणि मामीनं शेजाऱ्यांना हाक मारून तुला वेळेत नेलं असतं. किंवा त्या ट्रॅक्टरवाल्याला तू हात हलवून घालवलं नसतंस तर. मला माहीत नाही. मला माहीत नाही, हेच खरं उत्तर होतं, आणि मांडवात माईकवर तेवढंच बोलायला हवं होतं. 'मला माहीत नाही' असं लिहिलेलं पत्रक मी आजवर पाहिलेलं नाही.

गंधमुक्तीनंतर अध्यक्षांचा फोन आला. भाषण कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं आणि ते फिरत होतं. म्हणाले, यावर पत्रक काढू, मामांचा फोटो टाकू, लोकांच्या मनात आहे तोवर. मी मजकूर लिहून दिला. रडत लिहिला, पण लिहिला. छापून गठ्ठे आले तेव्हा वरच्या कागदावर तू होतास, ओळखपत्रावरचा फोटो, त्यात तू कधीच दिसायचा नाहीस तसा गंभीर. खाली लाल अक्षरात माझी घोषणा.

एक प्रत घेऊन मी मामीकडे गेले. काय अपेक्षा होती माझी? शाबासकीची असावी. खोटं कशाला बोलू.

तुझी गाडी ओसरीत गोणपाट टाकून उभी होती. भूषण शहाद्याला कामावर एसटीनं जातो, मामीनं सांगितलं. गाडीला हात लावत नाही. जेवायला बसला की अर्ध्यातून उठतो. मामीनं फोटो पाहिला, वाचता येत नाही म्हणून मला वाचायला लावलं. मी वाचलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तू माईकवर बोलनी तवय माले बरं वाटनं, पोरी."

मी विचारलं, बरं का वाटलं?

"डाक्टर बोलना, झटका येवाना व्हता तो ऊना. मंग मी कोणले शिव्या देऊ? तू बोलनी चेन, मंग मी चेनले शिव्या दिन्ह्या." मग म्हणाली, "आते तीच चेन पोरगाना गळामा पडनी."

मामा, त्या क्षणी मला जी लाज वाटली तिला मी अजून काही नाव देऊ शकत नाही. मी अख्ख्या तालुक्यात सांगत फिरत होते की चेन बायकांच्या गळ्यात जाते.

मी अध्यक्षांना सांगितलं, पत्रक वाटायचं नाही. ते म्हणाले, "भावनेच्या भरात बोलू नकोस. मुद्दा तर खरा आहे ना?" म्हटलं, मुद्दा खरा आहे, त्यातला माणूस खोटा लिहिलाय मी. ते म्हणाले, कागद छापून झाला आहे. म्हटलं, गठ्ठे माझ्या घरी आहेत आणि दार मी उघडणार नाही. त्यानंतर मंडळात माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. ठीक आहे. वेगळं बोलणाऱ्यांशी मीही असंच वागत आले आहे.

हे लिखाण त्याच कागदावर, त्याच आकारात छापून मी तुझ्या गल्लीत दारोदार देणार आहे. पण छापायच्या आधी ते भूषणनं ऐकायला हवं होतं. काल संध्याकाळी मी कागद घेऊन तुझ्या ओसरीत बसले आणि मामी आणि तो, दोघांसमोर वाचू लागले. शेवटाकडे मी असं लिहिलं होतं: "भूषणनं चेन ताणली होती ती व्यवस्थितच ताणली होती. त्याची यात काही चूक नाही."

तो भिंतीला टेकून ऐकत होता. तिथं म्हणाला, "मी ताणी नव्हती, ताई."

"मग?"

"ढिली करी व्हती."

मी कागद खाली ठेवला. इतक्या दिवसांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तू पाना घेऊन नेमकं काय करत होतास. गल्लीनं विचारलं नाही ते एक वेळ समजू शकते. मी तर प्रश्न विचारायलाच निघालेली बाई.

मग त्यानं सांगितलं, थांबत थांबत. तू म्हणालास, उद्या गोण्या आणायच्या आहेत, वजन पडलं की चेन ताठ होते, ढिली कर. त्यानं केली. तू म्हणालास, अजून. तो म्हणाला, "बाबा, आते जास्त व्हयी, उतरी जाई." तू म्हणालास, "गव्हाणवर तू उभा ऱ्हास का मी?" मग त्यानं अजून ढिली केली.

"हे तू मांडवात का नाही बोललास?" मी विचारलं.

"कसं बोलू? बाप मरना नी पोरगा त्याना डोकावर ढकली ऱ्हायना, असं बोलतीन लोक." आणि मग माझ्या कागदाकडे बोट दाखवून, "हाई लिखू नको. ताणी असंच ऱ्हाऊ दे. बाबानं नाव खराब नको व्हवाले."

त्यानं इतके दिवस सगळ्या गल्लीची नजर स्वतःवर घेतली होती, तुझा एक हट्ट झाकायला. मी मामीकडे पाहिलं. निर्णय तिचा होता. नवरा तिचा, मुलगा तिचा.

मामी चुलीपाशी होती. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"लिख वं," ती म्हणाली. "तो गया. हाऊ आजून घरमा शे."

म्हणून लिहिते, मामा. आदल्या संध्याकाळी चेन ढिली करायला तू सांगितलंस. भूषण नको म्हणाला होता. चेन उतरली, आणि त्यानंतर तुझं हृदय थांबलं ते चेनीमुळे थांबलं असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि मी म्हणाले ते खोटं होतं. ज्या कुणी त्या दिवशी मांडवात मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, त्यांनी आता हे वाचावं आणि पुन्हा एकदा त्याच्याकडे पाहावं.

तुझ्या नावाला यात थोडा डाग लागेल. तो मी लावला आहे, मामीला विचारून. राग आला तर माझ्यावर काढ.